भात्याचा हात

"ते जरा बंद करता का?" योगिनीने पुन्हा विचारलं. पण दुकानात आवाजच एवढा होता, की तिचं बोलणं तिच्या कडेवरच्या आरोहीलाही ऐकू गेलं नसेल. सेल्समनने कीबोर्डच्या एका पट्टीवर फक्त एक बोट ठेवलं होतं. त्या एका बोटाखाली ढोलकी, गिटार, कुठलीशी बासरी आणि मागून टाळ्या वाजवणारी माणसं असा सगळा लवाजमा सुरू झाला होता. तो स्वतः मोकळ्या हाताने मानेवरचा घाम पुसत होता.

"बघा वहिनी," तिचा दीर समाधान खूश होऊन म्हणाला, "एक बोट ठेवलं की अख्खा बँड. तुम्हाला काही करायलाच नको."

तीच तर अडचण होती. योगिनीला करायचं होतं.

द्वारकेच्या चौकातून आत वळल्यावर हे दुकान लागायचं. बाहेर वाहनांचे हॉर्न, आत हा बँड. समाधानला तिच्यासोबत पाठवलं होतं शेखरने, म्हणजे तिच्या नवऱ्याने. शेखर निफाडच्या बाजूला द्राक्षांच्या पॅकहाउसवर सुपरवायझर होता आणि सीझन संपेपर्यंत त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. समाधानला इलेक्ट्रॉनिक्समधलं कळतं असं घरात सगळे मानत. त्याने कधीतरी टीव्हीला स्पीकर जोडून दिला होता. आता पियानोचं नाव निघाल्यापासून तो मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून जाणकार झाला होता. कुठल्या मॉडेलमध्ये किती आवाज, किती ठेके, हे तो जेवतानासुद्धा सांगायचा.

योगिनीला त्यातलं काहीच नको होतं. तिला काय हवंय ते तिला नीट ठाऊक होतं आणि ते चार वाक्यांत सांगता येण्यासारखं होतं. खऱ्या पियानोएवढ्या, अठ्ठ्याऐंशी पट्ट्या हव्यात. पट्ट्या जड हव्यात. पायाखाली पेडल हवं. आणि हेडफोन लावायची सोय हवी, म्हणजे आरोही झोपलेली असताना सराव करता येईल. घरून निघताना तिने हे समाधानला सांगितलं, रिक्षात पुन्हा सांगितलं, दुकानात पाय ठेवल्यावर सेल्समनला सांगितलं. दोघांनीही मान डोलावली आणि दोघेही सरळ त्या बँडपाशी जाऊन उभे राहिले.

ती शाळेत संगीत शिकवायची. रोज सकाळच्या प्रार्थनेला हॉलच्या कोपऱ्यात पेटी घेऊन बसायची. पोरं आळसावलेली उभी असत, पण तिने पहिला सूर धरला की एक एक आवाज जागा होत जाई. यंदा संस्थेने हॉलमध्ये पियानो आणून ठेवला. काळाभोर, चकचकीत, वर मखमली आच्छादन. मुख्याध्यापकबाईंनी तिला बोलावून गोड शब्दांत सांगितलं, की जूनपासून प्रार्थना पियानोवर व्हायची. तिने वाजवली तर उत्तमच. नाही जमलं तर स्पीकरवर रेकॉर्ड लावता येईल, आणि मग तिला सकाळच्या वेळात दुसऱ्यांचे तास बघता येतील. "पण तुम्हाला काय अवघड? पेटी तर येतेच तुम्हाला."

पेटी येते म्हणजे पियानो येणारच, असं सगळ्यांना वाटत होतं. पियानोपुढच्या बाकावर बसेपर्यंत योगिनीलाही तसंच वाटत होतं.

परीक्षांच्या दिवसांत शरणपूरचे गायकवाड सर तिला काही शनिवार शाळेत शिकवायला आले. लहानपणापासून चर्चमध्ये वाजवणारा सडपातळ माणूस, बोलणं हळू. तिची प्रार्थना त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि मग विचारलं, "उजवा हात फार गोड आहे मॅडम. डावा कुठे असतो?"

डावा मांडीवर पडला होता. मेल्यासारखा.

तिला पेटी शिकवली होती तिच्या वडिलांनी. गावच्या भजनी मंडळात ते पेटी वाजवायचे. लहानग्या योगिनीला मांडीशी घेऊन बसत. उजवा हात चुकला तर काही म्हणत नसत, पण भात्यावरचा डावा हात थांबला की मनगटावर टिचकी मारत. भाता थांबला की गाणं थांबलं, एवढंच त्यांचं शास्त्र. वडील गेले, त्यांची पेटी तिच्याकडे आली, आणि तिचा डावा हात इतक्या वर्षांत कधी थांबला नाही. पण त्याला दुसरं काही येतही नव्हतं. आणि सगळा जोर भात्याचा असल्याने उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवरून नुसती तरंगायची. पियानोवर वारा नव्हता. आवाज मोठा हवा तर बोटानेच भार द्यायला हवा, आणि तो दोन्ही हातांच्या बोटांनी.

"घरी सरावाला घ्या काहीतरी," गायकवाड सर म्हणाले होते, "सुट्टीत हॉलला रंग द्यायचाय, कुलूप असेल. पण हलक्या पट्ट्यांचा आणणार असाल तर आणूच नका. तुमची बोटं आधीच हलकी आहेत."

तर आता दुकानाच्या मागच्या भिंतीशी तिला हवा तसा एक दिसत होता. साधा, काळा, बटणं जेमतेम. त्यावर कुणाची तरी पावती पडली होती आणि पाण्याची बाटली ठेवलेली होती. "तो दाखवा," ती म्हणाली.

"तो घेतात, मॅडम, पण क्लासवाले घेतात," सेल्समन नाराजीने बाटली उचलत म्हणाला. "घरात म्हणाल तर त्यात एंटरटेनमेंट नाही."

आरोही कडेवर चुळबुळत होती, म्हणून योगिनीने उभ्यानेच उजव्या हाताने दोन ओळी वाजवल्या. पट्टी बोटाला अडवत खाली जात होती आणि सोडली की बोट उचलून देत होती. किती दिवसांनी तिला बरं वाटलं. तेवढ्यात समाधान म्हणाला, "वहिनी, तुम्ही तर एकाच हाताने वाजवता. मग एवढा लांबलचक कशाला?"

तिच्या डाव्या हातात त्याचीच पुतणी होती. पण ते त्याला दिसावं कसं? तो हात तसाच असायचा. कधी त्यात आरोही, कधी कढईचा कान, कधी भाता.

"धर हिला," ती म्हणाली आणि आरोहीला त्याच्या हातात दिलं. स्टूल ओढून बसली. प्रार्थना पहिल्यापासून सुरू केली. आरोही रडायला लागली, समाधान तिला उगाच उंच उडवू लागला, सेल्समन घड्याळाकडे बघत होता, आणि त्या गडबडीत योगिनीचा डावा हात आपला आपण उठला, वाद्याच्या मागे गेला आणि त्याने बोटं पसरून भाता ओढला. म्हणजे नोटेशन ठेवायची फळी ओढली. ती निसटली, पट्ट्यांवर आपटली आणि खाली फरशीवर खडखडत गेली.

मग सेल्समन हसू दाबत म्हणाला, "मॅडम, याला हवा नाय लागत. लाईट लागते."

समाधान इतका हसला, की आरोही रडायची थांबून त्याच्याकडे बघत राहिली. विचार करून सांगते, असं म्हणून योगिनीने मुलगी घेतली आणि ती बाहेर उन्हात आली.

संध्याकाळपर्यंत हा किस्सा मखमलाबाद रोडवरच्या त्यांच्या घरात तीनदा सांगून झाला होता, आणि दर वेळी फळी आणखी लांब जाऊन पडत होती. सासूबाई, म्हणजे सावित्रीबाई, पदर तोंडाला लावून हसल्या. मग त्यांनी विचारलं, की एवढं मोठं धूड ठिवायचं कुठं? हॉलमध्ये एक दिवाण, टीव्ही आणि खिडकीखालचा कोपरा, तोही पेटीने अडवलेला.

त्या कोपऱ्यावर खरा हक्क आरोहीचा होता. योगिनी पेटी घेऊन बसली की ती पेटीच्या मागे जाऊन फतकल मारायची, अगदी भात्याला नाक लावून. भाता उघडमीट झाला की कपाळावरचे केस हलायचे. त्याला ती "फू" म्हणायची. गाणं तिला ऐकायचंच नसे, तिला फू हवी असे. उन्हाळ्याच्या दुपारी पंखा बंद पडला की ती पेटीवर थापा मारून आईला बोलवायची, आणि वाऱ्यातच मान टाकून झोपी जायची.

पुढचे दिवस योगिनीने ओट्यावर काढले. पोळी तव्यावर टाकली की डाव्या हाताची बोटं ओट्याच्या कडेवर ठेवायची आणि एक एक दाबून बघायची. करंगळी, अंगठा, करंगळी. तेवढ्यात दूध वर यायचं, नाहीतर आरोही पायाला मिठी मारायची, नाहीतर सासूबाई देवघरातून विचारायच्या, काय गं, पाली मारती का काय? कुठलीच ओळ पुरी व्हायची नाही. आपल्याला चीड नेमकी कशाची येते हेही तिला सांगता आलं नसतं. कुणी वाईट वागत नव्हतं. सगळे आपापल्या परीने मदतच करत होते, फक्त ती मदत कधी तिच्यापर्यंत पोचत नव्हती.

आणि मग एका संध्याकाळी शेखर आला तो पाठीला भलामोठा खोका बांधून. द्वारकेच्या गर्दीतून मोटरसायकलवर, खोका आडवा. उन्हाने तोंड लाल झालेलं, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि चेहऱ्यावर असं हसू, की योगिनीला खोका न उघडताच आत काय आहे ते समजलं.

"समाधानने निवडलाय," शेखर म्हणाला. "आता खूश?"

तोच होता. बँडवाला. आखूड, हलका, खेळण्यातल्यासारखा. समाधानने तोवर वायर लावलीसुद्धा. शेजारची पोरं जमली. एका बटणावर कुत्रा भुंकायचा, एकावर आगगाडी सुटायची, एकावर सनई वाजायची. सावित्रीबाई दिवाणावर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "लय भारी गं बाई. लग्नघरच झालं." सगळ्या घराला आनंद झाला होता. ज्या एकीसाठी ते आणलं होतं तेवढी सोडून.

पोरं गेल्यावर तिने एक पट्टी दाबली. बोटाखालून ती सुळकन खाली गेली. काही म्हणाली नाही, अडवलं नाही, परत उचलून दिलं नाही.

"मला विचारलं असतंस तर," ती म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? तुला पियानो पाहिजे होता, आणला."

"हा पियानो नाही, शेखर."

"वहिनी, खोक्यावर लिहिलंय ना," समाधान म्हणाला.

शेखरचं हसू हळूहळू उतरलं. पाठीला दोरीचे वळ उठले होते तिथे तो हात मागे नेऊन चोळत राहिला. ते बघून योगिनीने राग आवरला. असा माणूस उन्हातून काही घेऊन आला की त्याच्यावर चिडायचं तरी कुठल्या तोंडाने? तिने त्याला पाणी दिलं, पाठीला खोबरेल लावलं, आणि ठरवलं की आहे त्यावर भागवून बघू.

भागवलं. आठवडाभर प्रामाणिकपणे भागवलं. डावा हात थोडा हलूही लागला. पण रविवारी संध्याकाळी ती शेखरबरोबर गायकवाड सरांकडे गेली. त्यांनी घरचा पियानो उघडून दिला आणि ती वाजवायला बसली. तिच्या बोटांखाली निम्मे सूर उमटलेच नाहीत. पट्ट्या हलत होत्या, आवाज येत नव्हता. सरांनी हळूच झाकण लावलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. परतताना ती शेखरच्या मागे मोटरसायकलवर बसली. वाटेत तोच म्हणाला, "एवढा फरक असतो?"

"असतो."

"मग तेव्हाच भांडायचं ना."

"तुझी पाठ सोलली होती."

घर आल्यावर तिने हेल्मेट त्याच्या हातात दिलं आणि जिन्यातच सांगितलं, की मंगळवारी त्याची सुट्टी आहे, तर आरोहीला त्याने बघायचं. ती एकटी जाणार होती. समाधान नको, तोही नको. त्याने विचारलं, की आरोहीने मध्येच आई मागितली तर? तर मागू दे, योगिनी म्हणाली.

मंगळवारी तो खोका मांडीवर आडवा घेऊन ती रिक्षात बसली. चौकात रिक्षा अडकली तेव्हा रिक्षावाल्याने आरशात बघत विचारलं, "टीव्ही का, ताई?"

"पियानो."

"आणला का?"

"परत द्यायला चाललेय."

"बिघडला?"

"नाही," ती म्हणाली. "चांगला वाजतो. मलाच वाजवायला काही ठेवत नाही."

त्याने विचार करून मान हलवली, जशी आपण वेड्यापुढे हलवतो.

सेल्समनने तिला ओळखलं. फळीवाल्या मॅडम. उघडलेला माल परत घेत नाही, बदलून मिळेल, वरची रक्कम द्यावी लागेल, हे त्याने एका दमात सांगितलं. तिने ते कबूल केलं. तिचा स्वतःचा पगार होता आणि त्याचं काय करायचं हे आज कुणाला विचारायचं नव्हतं. मग त्याने सवयीने एकाचं बटण दाबून डेमो सुरू केला.

"बंद करा," योगिनी म्हणाली. "ह्याचंही बटण बंद करा. आणि त्या मागच्याचंही."

"बंद केल्यावर आवाज कसा येणार?"

"आवाज नको."

ती बंद पियानोसमोर बसली. दोन्ही हात रिकामे होते. किती दिवसांनी, नाही, किती वर्षांनी तिच्या डाव्या हातात काही नव्हतं, आणि आता काय करावं हे त्या हाताला कळत नव्हतं. तिने तो पट्ट्यांवर ठेवला. डोळे मिटले. नुसता भार देऊन बघितला, हळू, मग जोरात, मग करंगळीने, सगळ्यात दुबळ्या बोटाने. एक झालं की दुसऱ्यापुढे सरकली. दुकानात पंख्याचा आवाज आणि पट्ट्यांचा बोथट ठोका, एवढंच. सेल्समन हाताची घडी घालून बघत होता. शेवटी त्याने विचारलं, "मॅडम, नक्की काय चेक करताय?"

"माझा हात," ती म्हणाली.

मागच्या भिंतीशी होता तोच निघाला. पावती आणि बाटलीवाला.

टेम्पोतून तो घरी आला तेव्हा जिन्यात दोनदा अडकला. सावित्रीबाईंनी भिंतीचा पोपडा गेला म्हणून नाक मुरडलं, समाधानने यात टोनच नाहीत म्हणून हळहळ व्यक्त केली. शेखरने मात्र त्याचे पाय स्वतः जोडले, स्क्रू पुन्हा पुन्हा आवळले. जागा खिडकीखालीच होती. पेटी उचलावी लागणार होती. योगिनीने ती सासूबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली, भात्याचा आकडा लावला आणि दिवाणाखाली सरकवली. सरकवताना आतून एक बारीकसा सूर निघाला, कुठूनतरी हवा राहिली असेल.

आता दुपारी आरोही झोपली की ती हेडफोन लावून बसू लागली. घराला ऐकू यायची ती फक्त टकटक. सावित्रीबाई शेजारणीला सांगायच्या, "एवढं मोठं आणलं आन् आवाज हिच्या एकटीच्या कानात. आम्हाला नुसतं सुपारी फोडल्यावानी." योगिनी ऐकायची आणि पुन्हा सुरू करायची. उजवा हात पुढे पळायचा, डावा मागे राहायचा. डावा जमला की उजवा विसरायचा. तिसऱ्या ओळीवर दोघेही थांबायचे, रोज त्याच जागी, गाडी खड्ड्यात बसावी तसे. सुट्टी संपत आली होती. मुख्याध्यापकबाईंचा मेसेज येऊन गेला होता, तयारी कशी चालू आहे, सोबत हसरा चेहरा. तिला तो मोबाइल दिवाणाखाली पेटीशेजारी ढकलून द्यावासा वाटला.

त्या दुपारी ऊन पांढरंफेक होतं. वीज तेवढी टिकून होती. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. तिसऱ्या ओळीचा खड्डा आला आणि डावा हात, कसा कोण जाणे, न अडखळता पार झाला. योगिनीने श्वास रोखला. पुढची ओळ तिने कधी दोन्ही हातांनी वाजवलीच नव्हती, तिथवर पोचलीच नव्हती कधी.

डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. आरोही उठली होती. घामाने केस कपाळाला चिकटलेले, हातात उशीचा कोपरा. ती आईकडे आली नाही. नेहमीच्या वाटेने गेली, वाद्य आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरली आणि मागे फतकल मारून बसली. वाद्याच्या मागच्या काळ्या फळीला तिने नाक लावलं आणि डोळे मिटून वाट बघत राहिली.

काहीच आलं नाही.

हेडफोनमुळे योगिनीला ऐकू आलं नाही, पण मान उंचावून वाद्यापलीकडे बघितल्यावर ते ओठ तिला ओळखता आले. "फू," आरोही म्हणत होती. मग तिने फळीवर थाप मारली, जशी पेटीवर मारायची. आणि पुन्हा नाक लावलं.

डावा हात उचलला तर गाणं तुटणार होतं. सुट्टीभर ते असंच तुटत आलं होतं, दुधाने, पोळीने, हाकेने. जून दारात होता.

योगिनी थांबली नाही. ती वाजवत वाजवत स्टुलावरून जराशी उठली, वाद्यावरून पुढे वाकली, हेडफोनची वायर ताणली गेली, आणि दोन्ही हात पट्ट्यांवर तसेच ठेवून तिने आरोहीच्या कपाळावर लांब, सावकाश फुंकर घातली. चिकटलेले केस सुटून हलले. आरोहीने डोळे न उघडता मान आणखी वर केली. योगिनीने श्वास घेतला आणि पुन्हा फुंकर घातली. खाली तिची डावी करंगळी प्रार्थनेचा शेवटचा, सगळ्यात खालचा सूर दाबून होती.